मासा वाचवताना टाकी गेली: सागरी जीवशास्त्राच्या वर्गातलं एक प्रकरण

सोमवारी सकाळी साडेसातला प्रयोगशाळा उघडली तेव्हा टाकीतलं पाणी दूध विसळल्यासारखं धुवट झालं होतं. मागची काच दिसत नव्हती. सी अर्चिनचे काटे गळून वाळूवर सुया सांडल्यासारखे पसरले होते आणि त्यांच्या मधोमध त्याचं बोडकं कवच पडलेलं होतं. समुद्रकाकडीने (काकडीसारखा लांबट, मऊ प्राणी) आतडी बाहेर टाकली होती. दोन क्लाउनफिशपैकी नर तळाशी आडवा होता, मादी पृष्ठभागाला तोंड लावून भराभर कल्ले हलवत होती. शुक्रवारी दुपारी या टाकीत चोवीस प्राणी होते. सोमवारी सकाळी आठ जिवंत सापडले.

हे प्रकरण कुठल्या एका संस्थेचं नाही. शिकवण्यासाठी समुद्री टाकी ठेवणाऱ्यांकडे थोड्याफार फरकाने हेच घडत राहतं, म्हणून ते नमुन्यादाखल एका टाकीत बसवून सविस्तर मांडलं आहे. यातल्या शिक्षिका नवशिक्या नाहीत. अठरा वर्षांचं अध्यापन, त्याआधी किनाऱ्यावरचं क्षेत्रकाम. प्राण्यांवर जीव असल्यामुळेच त्यांनी हा विषय घेतला आणि टाकीचा घातही त्या जिव्हाळ्यातूनच झाला. म्हणून तर हे प्रकरण नीट उलगडायला हवं.

टाकी आणि तिच्यातली वस्ती

टाकी बाहेरून 120 × 50 × 50 सेंटीमीटर, म्हणजे बोलीभाषेत ‘तीनशे लिटरची’. आत 25 किलो प्रवाळी दगड आणि 40 किलो प्रवाळाची वाळू. पाठीमागे लटकवलेला फिल्टर, प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र), हीटर आणि हवेचा पंप. तापमान 26 अंश, खारटपणा हजारी 35.

वस्तीत क्लाउनफिशची जोडी, त्यांचं समुद्रपुष्प (फुलासारखा दिसणारा, दगडाला चिकटून राहणारा प्राणी), दोन हिरवे क्रोमिस मासे, दोन क्लीनर श्रिंप म्हणजे कोळंब्या, पाच हर्मिट खेकडे, आठ टर्बो गोगलगायी, दोन तारामासे, एक सी अर्चिन आणि एक समुद्रकाकडी. क्लाउनफिशची जोडी सहा वर्षं इथेच होती. क्रोमिस मात्र बाराच दिवसांपूर्वी आले होते आणि पिशवीतलं पाणी तासभर जुळवून घेऊन थेट टाकीत सोडले गेले होते. नवे मासे काही दिवस वेगळे ठेवायची क्वारंटाइन टाकी नव्हती. जागा नाही, हे कारण.

टाकीआधीची काही वर्षं शिक्षिकांनी बरणीतल्या नमुन्यांवर शिकवलं होतं. फॉर्मॅलिनमधला तारामासा राखाडी, ताठ, पाचही भुजा सरळ. त्यावरून जलसंवहनी संस्था (पाण्याच्या दाबावर पाय हलवणारी नळ्यांची रचना) पाठ करून घेता येते, पण ती पटत नाही. जिवंत तारामासा काचेवर चढला की खालून शेकडो नलिकापाद, म्हणजे नळीसारखे बारीक पाय, दिसतात. प्रत्येक पाद लांबतो, चिकटतो, ओढतो, सुटतो. त्याला हळूच उताणा केला तर एका भुजेचं टोक मुरडून वाळू शोधतं, चिकटतं आणि बाकीचं शरीर त्याच्यामागून उलटतं. निरोगी प्राण्याला यासाठी लागणारा वेळ वहीत नोंदलेला असला, की तो वाढल्यावर प्राण्याचं बिनसल्याचं पाणी तपासण्याआधी कळतं. या टाकीची अशी वही होती, पण त्या आठवड्यात ती कोणी उघडली नाही.

बुधवार ते शुक्रवार

बुधवारी सकाळी क्लाउनफिश मादीच्या परांवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसले. क्रोमिस दगडांना अंग घासत होते. निदान बरोबर झालं: पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, कारण क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी. दुकानातून आणलेलं तांब्याचं औषधही या रोगावर खरोखर चालतं. ‘पूर्ण टाकीला एक मात्रा’ या हिशेबाने तीनशे लिटरची मात्रा ओतली गेली. औषध शोषलं जाऊ नये म्हणून फिल्टरमधला कार्बन काढला आणि स्किमर बंद केला. बाटलीवर तसंच लिहिलेलं होतं.

गुरुवारी तपासणी संचावर तांबं 0.05 मिग्रॅ प्रति लिटर आलं. उपचारासाठी 0.15 ते 0.20 लागतं. म्हणून दुसरी मात्रा. शुक्रवारी 0.10 आलं, म्हणून तिसरी. मग दोन दिवस सुट्टी.

शुक्रवारी दुपारी तीन गोष्टी दिसल्या होत्या. दोन गोगलगायी काचेवरून सुटून वाळूवर उलट्या पडल्या होत्या. सी अर्चिनचे काटे, जे एरवी सावली पडली तरी तिकडे वळतात, एका बाजूला मिटून पडले होते. आणि एक हर्मिट खेकडा शंखाबाहेर उघडा बसला होता, जवळ दुसरा रिकामा शंख नसताना. नोंद झाली ती ‘औषधामुळे थोडे सुस्त’ एवढीच.

यातला हर्मिट खेकड्याचा इशारा सगळ्यात मोठा. त्याचं पोट मऊ असतं आणि शंखाविना तो कुणाच्याही तोंडी सापडतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात रॉबर्ट एलवूड यांनी हर्मिट खेकड्यांच्या शंखात सौम्य विजेचे झटके दिले, तेव्हा आवडत्या जातीच्या शंखातले खेकडे तो सोडायला कमी तयार होते, नावडत्या शंखातले लवकर बाहेर पडले. म्हणजे शंख सोडणं ही यांत्रिक उडी नाही, त्यात त्रास आणि आसरा यांची तुलना होते. ब्रिटनने 2022 च्या कायद्यात खेकडे, कोळंबी आणि अष्टपादांसारखे शीर्षपाद यांना संवेदनक्षम प्राण्यांत धरलं, ते अशा पुराव्यांच्या जोरावर. दुसरं घर न शोधता खेकडा घर सोडत असेल, तर ते पाणी त्याला सोसत नाही असंच समजावं.

चूक नेमकी कुठे झाली

आधी मापाची चूक बघू. टाकीच्या काचा एक सेंटीमीटर जाड, म्हणजे आतली मापं 118 × 48. पाणी 45 सेंटीमीटरपर्यंत. गुणाकार करून सुमारे 255 लिटर येतात. दगड आणि वाळू मिळून जवळपास 30 लिटरची जागा व्यापतात. उरलं 225 लिटर. तीनशेच्या मात्रेने 0.20 ऐवजी 0.27 मिग्रॅ प्रति लिटर तांबं पडलं, एक तृतीयांश जास्त. अशा तीन मात्रा मिळून 0.80.

मग गुरुवारी 0.05 कसं आलं? कारण टाकीत 65 किलो कॅल्शियम कार्बोनेट होतं. प्रवाळी दगड आणि वाळू पाण्यातलं तांबं आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. संच खोटं सांगत नव्हता, तो फक्त पाण्यातलं सांगत होता. अशा टाकीत आकडा खाली येतो, माणूस पुन्हा ओततो, आणि दगडातला साठा वाढत जातो. पुढे पीएच उतरला की साठ्यातलं काही पाण्यात परत येतं. सोमवारी पाण्यात 0.35 होतं. उरलेले 0.45 गुणिले 225 लिटर, म्हणजे सुमारे 100 मिलिग्रॅम तांबं, बहुतेक दगड-वाळूत जाऊन बसलं होतं.

पण मापाची चूक हे मूळ कारण नव्हे. मात्रा अचूक 0.20 असती, तरी श्रिंप, गोगलगायी आणि अर्चिन गेलेच असते, एवढंच की थोडे सावकाश. माशाला बरं करणारी तांब्याची पातळी बहुतेक अपृष्ठवंशी प्राण्यांना मारक असते. सी अर्चिनची अंडी आणि भ्रूण तांब्याला इतके नाजूक असतात, की समुद्राच्या पाण्याचं प्रदूषण तपासायला त्यांचा वापर होतो. अर्चिन, तारामासा, समुद्रकाकडी अशा कंटकचर्मी प्राण्यांना मूत्रपिंडासारखं इंद्रिय नसतं. त्यांच्या नलिकापादांतून वाहतं ते जवळजवळ समुद्राचंच पाणी, म्हणजे बाहेर जे विरघळलं ते आत पोचलं. खेकडा आणि कोळंबी यांची गोष्ट विद्यार्थ्यांना चक्रावून टाकते. त्यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोसायनिन तांब्यावरच चालतं, मग तांब्याने ते मरतात कसे? लागणारं तांबं प्रथिनात बांधलेलं आणि मोजकं असतं. मोकळं तांबं कल्ल्यांवर बसून क्षारांची ने-आण करणारी यंत्रणा बंद पाडतं, आणि प्राण्याच्या अंगातला मिठाचा तोल जातो.

बुधवारी करायचं होतं ते वेगळंच. हा परजीवी फक्त माशांवर जगतो. खेकडा, गोगलगाय, समुद्रपुष्प यांना तो लागत नाही. चारही मासे बाहेर काढून दगड-वाळू नसलेल्या टबात उपचार केले असते, तर टाकीतल्या एकाही अपृष्ठवंशी प्राण्याला धक्का लागला नसता. शिक्षिकांना हे माहीत नव्हतं असं नाही. दगडांतून मासे पकडायचे म्हणजे दगड उपसा, पाणी अर्धं काढा, जाळी घेऊन तासभर पाठलाग करा. आजारी माशाला असं पळवणं त्यांना निर्दयपणाचं वाटलं. बाटलीतलं औषध शांतपणे ओतता येत होतं. निर्णय दयेपोटी झाला, पण दया ज्या माशाकडे बघत होती त्याच्याभोवतीच्या वीस प्राण्यांचा विचार त्यात नव्हता.

पाठलाग न करता मासे निघतात, हेही सांगायला हवं. रात्री दिवे मालवून दोन तासांनी क्लाउनफिश समुद्रपुष्पात झोपलेला असतो. मंद लाल टॉर्चच्या उजेडात रुंद तोंडाचा पारदर्शक डबा त्याच्या खाली सरकवून अलगद वर घ्यायचा. क्रोमिससाठी त्याच डब्यात खाणं ठेवून डबा दोन दिवस टाकीत पडू द्यायचा. सवय झाली की ते आपणहून आत शिरतात. जाळी नको, परांचे ठिपके फाटतात आणि तिथे जंतू शिरतात.

सुट्टीत काय झालं

शनिवार-रविवारी कोणी नव्हतं, पण क्रम सोमवारच्या अवशेषांवरून लावता येतो. आधी श्रिंप आणि गोगलगायी मेल्या. त्या कुजू लागल्या आणि अमोनिया वाढला. तो पचवणाऱ्या जिवाणूंनाही तांब्याचा त्रास होतोच, त्यामुळे फिल्टर मागे पडला. जिवाणूंच्या ढगाने पाणी धुवट झालं, ऑक्सिजन कमी झाला, कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच 8.2 वरून 7.8 वर आला. दगडातलं तांबं सुटू लागलं.

मग समुद्रकाकडी. त्रास असह्य झाला की ती आतडी बाहेर टाकते. अनेक जातींच्या शरीरात होलोथुरिन नावाचं साबणासारखं विष असतं, ते कल्ल्यांच्या पेशी फोडतं. मोकळ्या समुद्रात ते विरून जातं. सव्वादोनशे लिटरच्या बंद पाण्यात, कार्बन काढलेला आणि स्किमर बंद असताना, ते माशांवरच जातं. तांब्याने आधीच दुखावलेले कल्ले, त्यात अमोनिया, कमी ऑक्सिजन आणि होलोथुरिन. दोन्ही क्रोमिस इथेच गेले असणार.

सोमवारचा पहिला तास

आकडे असे होते: एकूण अमोनिया 2.0 मिग्रॅ प्रति लिटर, नायट्राइट 0.5, पीएच 7.8, तांबं 0.35, खारटपणा 37, तापमान 27. नायट्राइटकडे दुर्लक्ष केलं ते योग्य. समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, गोड्या पाण्यातली भीती इथे लागू नाही. खारटपणा वाढला होता कारण दोन दिवस वाफ झालेल्या पाण्याची गोड्या पाण्याने भर पडली नव्हती.

हाताशी तयार समुद्री पाणी होतं फक्त 40 लिटर.

पहिली ऊर्मी पाणी बदलायची होते, आणि इथेच अनेकांचे उरलेसुरले प्राणी जातात. अमोनियाची दोन रूपं असतात. विषारी असतो तो मोकळा अमोनिया, आणि त्याचा वाटा पीएचवर ठरतो. समुद्राच्या पाण्यात या तापमानाला पीएच 7.8 असताना मोकळा वाटा सुमारे 3 टक्के, 8.1 ला सुमारे 6 टक्के, 8.2 ला 7 ते 8. आता हिशेब करा. 2.0 चे 3 टक्के म्हणजे 0.06 मिग्रॅ मोकळा अमोनिया. 40 टक्के पाणी ताजं घातलं तर एकूण अमोनिया 1.2 वर येतो, पण ताज्या पाण्याने आणि जोरदार हवेने पीएच 8.1 झाला तर 1.2 चे 6 टक्के, म्हणजे 0.07. एकूण आकडा जवळजवळ निम्मा झाला आणि विष किंचित वाढलं. संचाच्या रंगात सुधारणा दिसते, प्राण्यांची अवस्था बिघडते.

म्हणून पाण्याखालचे प्राणी आधी, टाकी नंतर. क्रम असा ठेवला गेला.

दोन स्वच्छ टब, प्रत्येकी 20 लिटर तयार पाणी, हीटर आणि हवेचा दगड (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांत फोडणारा सच्छिद्र तुकडा). एकात मासे, दुसऱ्यात अपृष्ठवंशी. हे वेगळेपण पुढे फार उपयोगी पडलं. मादी क्लाउनफिश डब्याने उचलून थेट टबात गेली, कारण माशाला 37 वरून 35 वर येणं सोसतं. तारामासा, खेकडे आणि गोगलगायी यांना तसं चालत नाही. खारटपणातल्या बदलाबरोबर त्यांच्या अंगातलं पाणी बदलतं. एरवी थेंबथेंब पाणी मिसळत दोन तास दिले असते. इथे जुन्या पाण्यातला प्रत्येक मिनिट तांब्याचा होता, म्हणून पाऊण तासात उरकलं. दोन्हीत धोका होता, पण जुन्या पाण्यातला मोठा होता.

समुद्रपुष्प दगडाला चिकटलेलं होतं, आणि दगड तांब्याने भरलेला. दगडासकट हलवलं तर विषाचा साठाच टबात येतो. पायाच्या कडेवर छोट्या पंपाची धार वीस मिनिटं मारत राहिलं की समुद्रपुष्प बहुधा स्वतः पकड सोडतं. नखाने खरवडायचं नाही, पाय फाटला की जखम सडते. ते सुटलं, पण तोंड सैल उघडं पडलेलं होतं. चौथ्या दिवशी ते गेलं. नर क्लाउनफिश त्याच रात्री गेला.

मेलेले प्राणी हातमोजे घालून काढले, समुद्रकाकडी सगळ्यात आधी. स्किमर सुरू, 300 ग्रॅम नवा कार्बन जाळीच्या पिशवीत. अमोनिया बांधणारं द्रावण ओतायचा मोह टाळला गेला. अशी बरीच द्रावणं क्षपणकारक असतात आणि तांब्याच्या काही औषधांबरोबर मिसळली की तांब्याचं अधिक घातक रूप तयार होतं. टबात तांबं नव्हतं, तिथे ते द्रावण चाललं असतं.

दरम्यान नवं पाणी मुरायला ठेवलं. मिठाच्या मिश्रणावर अवलंबून लिटरला साधारण 36 ते 39 ग्रॅम, आरओ पाण्यात. एरवी चोवीस तास ढवळतात. निकडीच्या वेळी दोन-तीन तास जोरात हवा देऊन, तापमान जुळवून वापरता येतं. आरओच का, याचं कारण या प्रकरणात दुहेरी आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं हे सगळ्यांना माहीत असतं. जुन्या इमारतींतल्या तांब्याच्या नळ्या आणि पितळी तोट्या मात्र लक्षात येत नाहीत, आणि रात्रभर नळीत थांबलेल्या पाण्यात तांबं उतरतं.

वर्गासमोर

नऊ वाजता तास होता. टाकीवर कापड टाकून वर्ग दुसरीकडे हलवता आला असता. शिक्षिकांनी तसं केलं नाही. अर्चिनचं कवच धुऊन टेबलावर ठेवलं. काटे गेल्यावर त्यावरच्या गाठींच्या रांगा आणि त्यांच्यामधल्या बारीक छिद्रांच्या पाच दुहेरी पट्ट्या स्पष्ट दिसतात. नलिकापाद याच छिद्रांतून बाहेर येतात. खालच्या बाजूला पाच दातांचा जबडा, ज्याला ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. मग फळ्यावर तीन दिवसांच्या मात्रा आणि आकडे लिहिले, आणि टाकीची मापं घ्यायला दोघांना पट्टी दिली. 225 लिटर विद्यार्थ्यांनीच काढले.

एका मुलीने विचारलं, “मॅडम, गोगलगायींना पण औषध दिलं होतं का?”

“हो,” त्या म्हणाल्या, “सगळ्यांनाच दिलं. मला तेव्हा फक्त मासे दिसत होते.”

हे उत्तर देणं अवघड असतं. अठरा वर्षं ज्यांना ‘हळू हात लावा, त्याला दुखतं’ म्हणून सांगितलं, त्यांच्यासमोर हे म्हणायचं. पण आकड्यांसकट म्हटल्यामुळे चर्चा ‘कोणामुळे मेले’ यावर अडकली नाही, पुढे काय मोजायचं यावर आली. प्राण्यांच्या प्रेमापायी या विषयात आलेल्या विद्यार्थ्याला ही गोष्ट जितक्या लवकर प्रत्यक्ष दिसेल तितकं बरं: जलजीव सांभाळणं म्हणजे आधी पाणी सांभाळणं.

मादी क्लाउनफिशचा उपचार

परजीवी अजून अंगावर होताच. त्याचं चक्र असं: माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस वाढतो, मग सुटून तळाशी कोष करतो, आणि कोष फुटून पोहणारी पिल्लं बाहेर पडायला किमान तीन दिवस, पुष्कळदा कित्येक आठवडे लागतात. पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. या तीन दिवसांच्या फटीवर औषधाविना उपचार उभा आहे. मासा दर 72 तासांनी पूर्ण कोरड्या, स्वच्छ टबात नव्या पाण्यात हलवायचा, चार वेळा. कोष मागे राहतात, फुटायच्या आत टब रिकामा होऊन वाळतो.

लागतं काय? दोन टब, दोन हीटर, दोन हवेचे दगड, लपायला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा, आणि दर वेळी 40 लिटर जुळवलेलं पाणी. फसतो कुठे? जुन्या टबातलं पाणी डब्याबरोबर नव्यात जातं, किंवा ओला हीटर तसाच इकडून तिकडे घातला जातो. 72 तासांचे 90 होतात. आणि टबात फिल्टर नसतो, म्हणून खाणं कमी आणि अमोनिया रोज तपासायचा. एवढी शिस्त पाळता येत नसेल तर उघड्या टबात, दगड-वाळूविना, तांबं 0.15 ते 0.20 वर दिवसातून दोनदा मोजत दोन-तीन आठवडे ठेवणं हाही रास्त मार्ग आहे. खारटपणा हजारी 14 ते 16 वर उतरवूनही हा परजीवी मरतो. दोन्ही फक्त माशांच्या टबात. ‘सगळ्या प्राण्यांना सुरक्षित’ म्हणून विकली जाणारी औषधं या परजीवीवर भरवशाची नाहीत, त्यांत वेळ जातो आणि मासाही.

बाराव्या दिवशी चौथी अदलाबदल झाली. मादीच्या परांवर एकही ठिपका नव्हता.

अपृष्ठवंशींच्या टबाला मात्र माशापासून 76 दिवस दूर ठेवलं. त्यांना रोग होत नाही, पण गोगलगायीच्या आणि खेकड्याच्या शंखावर कोष बसलेला असू शकतो. तारामाशाच्या दोन भुजांची टोकं पहिल्या आठवड्यात गळाली. मधला गोल शाबूत होता, म्हणून आशा होती. दोन महिन्यांनी तिथे फिक्या रंगाचे कोंब दिसू लागले, एका सेंटीमीटरपेक्षा लहान, त्यांच्या टोकाशी नलिकापाद.

टाकीचं काय केलं

40 टक्क्यांचे तीन बदल केले की मूळ पाण्यातलं 0.216 उरतं, म्हणजे 0.35 चं सुमारे 0.08 व्हायला हवं. दोन दिवसांनी संच 0.15 दाखवत होता. दगड आणि वाळू परत देत होते. हे महिनोन्‌महिने चालतं. तांबं शोषणारं रेझिन घालून आकडा शून्यावर येतो, पण संचाचं शून्य म्हणजे ‘संचाला दिसत नाही’ एवढंच, आणि अर्चिनला त्याहून कमीही पुरतं. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीची पिल्लं सोडून पाणी तपासण्याचा सल्ला काही जण देतात. तो घेऊ नये. आर्टेमिया तांब्याला चिवट आहे, ती जगली म्हणून गोगलगाय जगेल असं नाही. एखादी गोगलगाय ‘बघू’ म्हणून टाकायला शिक्षिकांनी साफ नकार दिला, आणि तो नकार शास्त्रीयदृष्ट्याही योग्य होता.

दगड आणि वाळू कायमची बाजूला काढली. क्रेटवर रंगाने लिहिलं: ‘तांबं. फक्त माशांसाठी.’ काच पातळ व्हिनेगरने घासून धुतली, फिल्टरचा स्पंज आणि नळ्या बदलल्या. जुनं पाणी कार्बनमधून फिरवून सांडपाण्याच्या वाहिनीत सोडलं, पावसाच्या गटारात नाही, कारण ती समुद्रात उघडते. उरलेल्या प्राण्यांना समुद्रात सोडून देऊ, ही सूचना विद्यार्थ्यांकडून आली. ती भावनेने सुंदर आहे, पण धोक्याची. टाकीत राहिलेला प्राणी तिथले परजीवी आणि जिवाणू किनाऱ्यावर नेतो, आणि तो मूळचा त्या किनाऱ्याचा असेलच असंही नाही.

नव्या वाळू-दगडांवर टाकी पुन्हा पिकवली, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू दिले. अमोनियम क्लोराइडने एकूण अमोनिया 2 मिग्रॅवर न्यायचा आणि तो चोवीस तासांत शून्य होईपर्यंत थांबायचं. सहा आठवडे लागले. घाई झाली असती तर तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा अमोनिया उतरलेला पण नायट्राइट चढलेला असतो.

कामाची नवी मांडणी

टाकी एका माणसावर उभी होती, ही गोष्ट औषधाइतकीच महत्त्वाची. वेळापत्रकात तिच्यासाठी तास नव्हता. रोजची चाळीस मिनिटं शिक्षिकांच्या मधल्या सुट्टीतून जात आणि पुष्कळसा खर्च त्यांच्या खिशातून. प्राण्यांवर प्रेम असलेल्या शिक्षकाच्या वाट्याला हे हटकून येतं. संस्था टाकीला शोभेची वस्तू समजते आणि तो माणूस ‘त्यांना आवडतं’ म्हणून एकटा ओढत राहतो. एकट्याने बघितलं की आकड्यावर शंका घेणारं दुसरं कोणी नसतं. शुक्रवारी 0.10 पाहून ‘आधीच्या दोन मात्रा गेल्या कुठे?’ असं कोणी विचारलं असतं, तरी तिसरी मात्रा पडली नसती.

आता साठ लिटरची क्वारंटाइन टाकी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आहे. नवा मासा तिथे तीस दिवस काढतो. तयार समुद्री पाणी नेहमी 120 लिटर, झाकणबंद, आठवड्याला तपासलेलं. टाकीत काहीही ओतण्याआधी दोघांच्या सह्या लागतात, त्यातली एक विद्यार्थ्याची, आणि त्या ओळीत तीन रकाने भरावे लागतात: निव्वळ पाणी किती, हे कोणत्या प्राण्यासाठी, आणि ज्यांच्यासाठी नाही त्यांचं काय होईल. तिसरा रकाना रिकामा असेल तर बाटली उघडत नाही. सुट्टीत रोज एक जण येतो, तारामाशाचा उलटण्याचा वेळ मात्र आठवड्यातून एकदाच घेतला जातो, त्यालाही दमणूक होते.

मादीसाठी जोडीदार आणायचं ठरलं तेव्हा वर्गात पुन्हा वाद झाला, काहींना ते लवकर वाटत होतं. क्लाउनफिशच्या गटात सगळ्यात मोठी ती मादी, तिच्याखालचा नर, बाकीचे अप्रौढ. म्हणून तिच्यापेक्षा निम्म्या आकाराचं पिल्लू निवडलं, जे तिच्या सोबतीत नर होईल. ते सध्या ग्रंथालयामागच्या टाकीत आहे, एकोणिसावा दिवस. काल संध्याकाळच्या नोंदीत सही करणाऱ्या मुलाने लिहिलं आहे: खाल्लं, ठिपके नाहीत, अमोनिया 0, पाइपमध्ये झोपतं.